घरच्यांचा शब्द

ऋतिका ऑनलाइन ज्ञानकोशाची नवी संपादक झाली होती. रोज एक नियम शिकायची आणि कोलंबी सोलत बसलेल्या आजीला मोठ्याने वाचून दाखवायची. एके दिवशी आजोबाच ज्ञानकोशातलं स्वतःवरचं पान उघडलेला मोबाईल नाचवत आले. "काशीराम परब यांनी दशावतार सोडला? ह्यां कोणी लिवल्यान? मी खंय सोडलंय? पुसून टाक आधी!"

"नाही जमणार, आजोबा. तुमचा शब्द चालत नाही, घरच्यांचा तर नाहीच. बाहेर कुठेतरी छापून आलेलं दाखवा."

"दाखवतंय!" आजोबांनी माळ्यावरून मुकुटाची ट्रंक उतरवली.

पुढच्याच महिन्यात वाकोल्याच्या मैदानात आजोबा रावण होऊन गरजले. पेपरात फोटो छापून आला. ऋतिकाने तो पुरावा दाखवला आणि दुसऱ्या एका संपादकाने ते वाक्य काढून टाकलं. मग तिने सहज त्या पानाचा इतिहास उघडला. वाक्य लिहिणाऱ्याचं नाव होतं, वनमाला परब.

"आजी! अगं, घरच्यांनी लिहायचं नसतं. नियम आहे."

"ठाऊक आसा," आजी कोलंबीवरची नजर न काढता म्हणाली. "चार वर्षां सांगतंय, सोफ्यावरसून उठा. घरच्यांचा कोण आयकता गो?"