खांबामागचा माणूस

"आबा, हा एक चुकीच्या जागी चिकटलाय," म्हणत वैजूनं चिमटा उचलला.

टेबलावरच्या कबड्डीच्या खेळासाठी आबांनी आइस्क्रीमच्या काड्यांची गॅलरी बांधली होती, आणि वैजू माहेरी आल्यापासून बापलेक मिळून तिच्यातले प्रेक्षक रंगवत होते. काडेपेटीतल्या काडीचं धड आणि साबुदाण्याचं डोकं. बाकी सगळे मैदानाकडे तोंड करून ऐसपैस बसले होते. हा एकटाच छपराच्या खांबामागे उभा होता.

"राहू दे त्याला."

"अहो, पण खांबाआडून त्याला दिसणार काय?"

"सगळं दिसतं." आबा ब्रश धूत राहिले. "तुला तिघींनी धरलं होतं. तरी मधल्या रेघेला डाव्या हाताचं बोट लावलंस."

वैजूचा चिमटा हवेतच थांबला. वीस वर्षांपूर्वी जिल्ह्याच्या अंतिम सामन्याला ती घरातून भांडून गेली होती. पोरीच्या जातीनं चारचौघांत मातीत लोळायचं नाही, असं आबांनीच बजावलं होतं. ढाल घेऊन ती परतली, तेव्हा त्यांनी पेपरातून मानही वर केली नव्हती. त्या बोटाबद्दल तर तिनं घरात कुणालाच सांगितलं नव्हतं.

"मग पुढे येऊन का नाही बसलात?"

"कुठल्या तोंडानं बसणार?"

वैजूनं चिमटा खाली ठेवला. मग त्या साबुदाण्याच्या माणसाला हात न लावता तिनं समोरचा खांब अलगद उपटला आणि दोन बोटं पलीकडे सरकवून चिकटवला.