काचेवरचा लाल ठिपका
रेडिओच्या डायलची काच मागून कधी ओल्या फडक्याने पुसायची नाही, अक्षरं निघून येतात, हे मला बाबांनीच शिकवलं. म्हणून माझ्या दुकानात रेडिओ दुरुस्तीला आणलेल्या परगावच्या गिऱ्हाइकासमोर मागून कोरडा ब्रश फिरवला आणि पुढची धूळ ओलसर कापसाने टिपली, तर खालून नेलपॉलिशचा लाल ठिपका वर आला. बाबांची नजर अधू झाली तेव्हा मीच तो लावला होता, काटा कुठे आणायचा ते दिसावं म्हणून. "रेडिओ कुणाकडून घेतलात?" मी विचारलं. "खालच्या शेजाऱ्यांकडून, तीन वर्षांपूर्वी. आवाजाने डोकं उठतं म्हणाले." बाबा त्याच गावात दादाकडे राहायचे, गेल्या महिन्यात वारले तोपर्यंत. अगदी शेवटपर्यंत दर रविवारी मी फोन केला की दादा सांगायचा, "बाबा रेडिओला कान लावून बसलेत, आत्ता कुणाशी बोलणार नाहीत." "तेवढा लाल डाग काढता ना?" गिऱ्हाईक म्हणालं. "काढते," मी म्हणाले. "आधी तुमच्या शेजाऱ्यांना दाखवून आणते."