फिट येण्याआधी

सांगलीच्या दवाखान्याचं काचेचं दार ढकलून लालासाहेब आत आले, आणि राजेश्वरीनं पटकन पदर तोंडावर ओढला. सासरे! ते तर पेन्शनच्या कामाला साताऱ्याला म्हणून घरातून निघाले होते. ती स्वतः कराडला मावशीकडे म्हणून निघाली होती. सासरी, रहिमतपुरात, तिला फिट येते हे कुणालाच ठाऊक नव्हतं. लग्नात आईनं बजावलं होतं, "जल्मात कुनाला सांगू नगंस."

बुधवार हा फिटच्या पेशंटांचा दिवस. बाकावर आईच्या मांडीत एक तान्हं पेंगत होतं. त्यापलीकडे कॉलेजची पोरगी, वर्दीतला पोलीस, जपमाळ ओढणाऱ्या जैन आजी. पहिल्यांदा आली तेव्हा राजेश्वरीला हे स्वप्नच वाटलं होतं. जगात हे आपल्या एकटीलाच, असं ती लहानपणापासून धरून बसलेली. "आज गर्दी कमीच हाय," त्या दिवशी सिस्टर सहज बोलून गेली होती.

लालासाहेब नेमके तिच्याच शेजारी टेकले. पंखा संथ फिरत होता. काचेतून आलेलं ऊन फरशीवर पाण्यासारखं हलत होतं.

"फिट यायच्या आधी तुला काय हुतं गं?" समोर बघतच त्यांनी विचारलं.

तिनं पदर आणखी पुढं ओढला.

"वास येतो, आबा. काकवी उकळल्यागत. मग समदं लांब लांब जातं."

"मला सनई ऐकू येती. लय गोड. पुढचं कायबी आठवत न्हाई. घरचे म्हणत्यात, म्हाताऱ्याला ऊन लागलं."

तिनं पदर खाली घेतला. सुभेदार म्हणून रिटायर झालेला, सगळं घर धाकात ठेवणारा हा माणूस गुडघ्यावरचे हात घट्ट आवळून बसला होता.

"आबा, घरी कळलं तर मला माहेरी धाडतील."

"कोन धाडतंय? तुझ्या बानं सुपारी फुटायच्या आधीच मला बाजूला घिऊन समदं सांगितलं हुतं."

"तरीबी तुमी हो म्हणला?"

"तवा मला नुकतंच सुरू झालं हुतं," ते हळूच म्हणाले. "म्हणून तर लगीच हो म्हणलो. वाटलं, घरात एक तरी मानूस यील, ज्याला हे सांगता यील. पर इतकी वर्सं, पोरी, जीभच रेटली न्हाई."