मुका खोका

"हा कॉम्प्युटरचा खोका मेलाय का?" गरुडाने विचारलं.

"नवा आहे. पाण्याने थंड राहतो, हूं नाही की चूं नाही," बाई म्हणाल्या. "आज नीट खेळा. तिघांपैकी एकालाच ठेवायचं आहे."

ती कंपनी गोळीबाराच्या व्हिडिओ गेम्सची चाचणी घ्यायची. एकच लढाई वेगवेगळे फिल्टर लावून, ग्राफिक्स कमी-जास्त करून खेळायची आणि मजेला दहापैकी गुण द्यायचे, एवढंच काम. कुठलं चित्र भारी, कुठलं हलकं, हे एकाचं कधी चुकत नसे. म्हणून तो गरुड.

आतली गोष्ट अशी, की दीड वर्षापासून त्याला चित्रांचं काही राहिलंच नव्हतं. भारी चित्राने खोका तापून त्याचा पंखा घुरघुरला की तो आठ गुण द्यायचा, शांत बसला की चार. मजा कधीच आटली होती. पण आता दुसरं काम आपल्याला कोण देणार, हा विषय त्याने घरीसुद्धा काढला नव्हता.

आधी टकल्या दोन फेऱ्या खेळला. "पहिल्या फेरीत रक्त फिक्कट होतं. दुसरीत काय डाळिंबी! मरताना समाधान वाटलं."

मग जाड्या. "दुसऱ्या फेरीतलं धुकं बघून मला आई आठवली."

"धुक्यावरून आई?" बाईंनी विचारलं.

"ती अशीच होती. समोर असूनही कळायची नाही."

गरुड आपल्या खुर्चीत बसला. ती कुणी इंचभर सरकवलेली त्याला खपत नसे. त्याने हेडफोन चढवला. डावीकडे बूट वाजले. तो वळला. धप्प. उजवीकडे कुणी खोकलं. धप्प. अकरा मेले. दुसऱ्या फेरीतही अकराच. त्याने खोक्यावर तळहात ठेवला, ताप बघतात तसा. थंडगार.

"बोला, गरुड."

थाप मारता आली असती. पण थाप मारायचाही कंटाळा आला होता.

"मला काही फरक दिसला नाही. दोन्हींना पाच."

टकल्या खुदकन हसला.

"दिसणारच नाही," बाई म्हणाल्या. "मी काही बदललंच नव्हतं. दोन्ही फेऱ्या सारख्याच."

जाड्याने आईचा विषय पुन्हा काढला नाही.

बाईंनी पत्र पुढे केलं. गरुडाने हात उचलला नाही. शेवटी त्यांनीच ते त्याच्या मुठीत कोंबलं.

"आता एवढाही भाव खाऊ नका!"

संध्याकाळी बहीण कंपनीच्या फाटकाशी थांबली होती, रोजच्यासारखी. पत्र तिने मोठ्याने वाचलं.

"'चित्रांच्या दर्जाचे प्रमुख. यापुढे शेवटचा शब्द तुमच्या नजरेचा.'"

"बरं," तो म्हणाला.

तिने पत्राची घडी पिशवीत ठेवली, पिशवीतून पांढरी काठी काढली, उलगडली आणि त्याच्या हातात दिली.

"चल दादा. पुढे तीन पायऱ्या आहेत."