एकशे वीसपर्यंत

सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी महिपतने गाडीची किल्ली परत मागितली. त्याच्या ड्रायव्हरने, धाकूने, ती दिली नाही.

१९८६ सालचा डिसेंबर होता. रत्नागिरीच्या मांडवीतल्या अंगणात दोघं समोरासमोर उभे होते आणि मध्ये गाडी होती. जपानी, दोन दारांची, तांब्याच्या रंगाची. बटण दाबलं की बॉनेटमधून दिवे बेडकाच्या डोळ्यांसारखे वर येत. महिपत जहाजावर इंजिनियर होता. तीन वर्षांपूर्वी त्याने ती बोटीवर चढवून आणली, तेव्हा अख्खी मांडवी बघायला लोटली होती. रत्नागिरीत तशी दुसरी आली नाही.

"टर्बो जाळलास तू," महिपत म्हणाला. एरवी तो वयाने मोठ्या धाकूला काका म्हणे आणि अहो-जाहो करी.

टर्बो म्हणजे इंजिनाच्या धुरावर फिरणारा पंखा. तो इंजिनात जादा हवा कोंबतो, म्हणून गाडी चढावर उधळते. पण चढून आल्यावर तो लालभडक तापलेला असतो. इंजिन तसंच तडकाफडकी बंद केलं तर त्यातलं ऑइल करपतं. असं वारंवार झालं की टर्बो संपतो. म्हणून बंद करण्याआधी इंजिन दोन मिनिटं नुसतं चालू ठेवायचं. महिपतने स्वतःच्या अक्षरात हे एका कार्डावर लिहून स्टिअरिंगशेजारी चिकटवलं होतं.

धाकूकडे घड्याळ नव्हतं. तो एक ते एकशे वीस मोजत असे. पालीच्या नाक्यावर चहाला थांबला तरी आधी मोजणं, मग उतरणं. हॉटेलवाली सोनूबाई ओरडायची, "काय रे धाकू, बायको रुसून बसलीय काय आत?" ट्रकवाले म्हणायचे, "पेट्रोल काय विहिरीतनं शेंदतोस, मेल्या?"

त्यांचं हसणं बरोबरच होतं. घाटमाथा आला की गाडी न्यूट्रल करायची, किल्ली फिरवून इंजिन बंद करायचं आणि इंधन वाचवायला गाडी वजनावर खाली सोडायची, ही कोकणातल्या ड्रायव्हरांची रीत. धाकूने बावीस वर्षं ट्रक असेच उतरवले होते. त्याला ती विद्या शिवा ड्रायव्हरने दिली होती. शिवा म्हणजे महिपतचा बाप.

पण ही गाडी धाकूने तशी एकदाही उतरवली नव्हती.

"बावीस वर्षांची सवय," महिपत म्हणाला. "घाट आला की हात आपोआप किल्लीकडे जातो. तुम्हा ड्रायव्हर लोकांची खोडच ती. कोल्हापूरच्या मेकॅनिकने सांगितलंय, गरम इंजिन बंद केलंय, एकदा नाही, पुष्कळदा."

"केलं असंल. मी नाय केलं."

"मग कोणी? मी तर आठ महिने पाण्यावर असतो."

उरलेले चार महिने तो रजेवर असे. तेव्हा गाडी तोच चालवी आणि धाकू घरी असे. पण ते धाकू बोलला नाही. बोलायला पुरावा लागतो. एवढंच त्याला कळत होतं की आज किल्ली मुकाट्याने दिली, तर दुपारपर्यंत सगळ्या नाक्यांवर बातमी पोचेल. मग त्याच्या हाती कोणी रिक्षासुद्धा देणार नाही.

"नवा टर्बो आणलात, बसवलात," तो म्हणाला. "चला आंबा घाटात. तुम्ही चालवा, मी बाजूला बसतो. परत आल्यावर किल्ली तुमची."

"तू मला अट घालतोस?"

"हो. घालतो."

 महिपतने हात पुढे केला. धाकूने त्या हातात किल्ली ठेवली आणि वळसा घालून दुसऱ्या दाराने आत बसला.

पालीचा नाका आला. सोनूबाईने धाकूला डाव्या बाजूला बसलेला पाहिलं आणि कधी नव्हे ती गप्प राहिली. साखरप्याच्या पुढे आंबा घाटाचा चढ लागला. महिपतने पाय दाबला. क्षणभर काही झालं नाही. मग टर्बोची ती बारीक शीळ सुरू झाली आणि पाठी सीटला चिकटल्या. एक एसटी मागे पडली. मग दुसरी. टर्बो जळाल्यापासून, सहा महिने, धाकूने ती शीळ ऐकली नव्हती. त्याच्या अंगावर काटा आला. महिपत हसत होता.

"अशी गाडी पुन्हा व्हायची नाही, धाकूकाका!"

माथ्यावर मोकळ्या जागेत त्याने गाडी वळवली आणि तोंड पुन्हा रत्नागिरीकडे केलं. टर्बो आत लाल झालेला असणार. समोर उतार होता. धाकूने मनात मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन.

चारला महिपतचा हात हलला. त्याने गिअर न्यूट्रल केला आणि मधल्या दोन बोटांनी, न बघता, किल्ली फिरवली. शिवा ड्रायव्हर अगदी असाच फिरवायचा.

इंजिन थांबलं. गाडी नुसत्या वाऱ्याच्या आवाजात खाली निघाली. महिपतच्या चेहऱ्यावर अजून हसू होतं.

"साहेब," धाकू म्हणाला, "हे कुणाच्या खात्यात मोजू?"

महिपतची नजर कार्डाकडे गेली. त्याने झटकन किल्ली फिरवून इंजिन पुन्हा चालू केलं. 

बारा वाजून पाच मिनिटांनी गाडी अंगणात आली. महिपत दार उघडून उतरला आणि घरात गेला. किल्ली गाडीतच होती, इंजिन चालू होतं.

त्याला तीन आठवडे झाले. काल महिपत जहाजावर गेला. धाकूला कामावर ठेवलं की काढलं, हे तो जाईपर्यंत बोलला नाही. त्या दुपारी धाकूने एकशे वीस मोजून बंद केलेली गाडी तिथेच उभी आहे आणि किल्ली धाकूच्या खिशात आहे.