सुईण

“सुईण?” कार्डिफ रेडिओच्या प्राइस-लॉइड साहेबांनी डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर आपटली. “इल्टिड, रेडिओवर, भर सामन्यात तुम्ही एका धडधाकट गड्याला सुईण म्हणालात. तेही सहा वेळा.”

“सात,” इल्टिड म्हणाला.

मध्यंतर होतं. मैदानाच्या कडेला धावत्या वर्णनासाठी उंचावर उभारलेल्या फळ्यांच्या खोक्यात दोघांचे गुडघे एकमेकांना लागत होते. खाली चिखलाने माखलेले खाणकामगार खेळाडू संत्र्याच्या फोडी चोखत होते.

रग्बीत आठ-आठ जण खांद्याला खांदा भिडवतात आणि त्या पायांच्या गुंत्यातून एक बुटका गडी चेंडू अलगद बाहेर काढतो. त्याला वेल्श भाषेत नावच नव्हतं, सगळे इंग्रजी नावावर भागवायचे. सप्टेंबरात सुईणबाईंनी इल्टिडच्या हातात त्याची लेक ठेवली आणि त्याला हा शब्द सुचला. असे त्र्याण्णव शब्द त्याच्या वहीत होते. प्रत्येकापुढे तारीख आणि ‘मी बनवला’ अशी नोंद. त्यांचं त्याला पुस्तक करायचं होतं.

साहेबही वेल्शच. पण त्यांची वेल्श रविवारी प्रार्थनेला चॅपलमध्ये जाऊन यायची, तेवढीच.

“प्रार्थनेला आपली भाषा छान आहे हो,” ते म्हणाले. “पण खेळाला तिच्यात शब्द नाहीत. तुम्ही घरी बसून पाडता. असं कुणी बोलत नाही. आजचा सामना पुरा करा. पुढच्या शनिवारपासून धावतं वर्णन इंग्रजीत.”

इल्टिडचं डोकं सणकलं. वाद मात्र त्याने घातला नाही. मायक्रोफोन पुढे ओढला आणि उत्तरार्धात वहीतले त्र्याण्णवच्या त्र्याण्णव शब्द वापरून टाकले. सुईण तर अकरा वेळा. या शब्दांना जायचंच आहे, तर गुपचूप कशाला जायचं?

शेवटची शिट्टी झाली. थोड्या वेळाने दारावर काठी वाजली.

दारात म्हातारा मॉर्डकाय धापा टाकत उभा होता. चाळीस वर्षं कोळशाच्या खाणीत काढलेला माणूस. छातीत धूळ बसल्यापासून तो मैदानामागच्या आपल्या घरीच रेडिओ ऐकायचा, जिने चढायचा नाही. आज चढला होता.

“बरे आलात, आजोबा,” साहेब म्हणाले. “तुम्हीच सांगा. हा सुईण सुईण करतो, ते कळतं का तुम्हाला काही?”

“त्याच्याचसाठी आलोय.” मॉर्डकायने काठी इल्टिडवर रोखली. “पोरा, काय लावलंयस? ‘सुईणीने चेंडू फेकला’ म्हणे. सुईण कधी फेकते का? सुईण हातात देते. शब्द वापरायचा तर नीट वापर. नाहीतर सोडून दे.”

साहेब चमकले. “म्हणजे हा शब्द तुम्हाला आधीपासून ठाऊक होता?”

“ठाऊक? अहो, एकोणीसशे नऊ साली मीच या गावाच्या संघाची सुईण होतो. माझ्याआधी माझा बाप. या दरीत पहिल्यापासून हेच म्हणतात. तुमच्या कार्डिफात म्हणत नसतील.”

मॉर्डकाय चॅपलचा डीकन, म्हणजे मानाचा सेवेकरी होता. उभ्या जन्मात तो खोटं बोलला नव्हता. आताही त्याच्या तोंडावर थट्टेचा मागमूस नव्हता.

साहेबांनी टोपी दोनदा हातात फिरवली आणि डोक्यावर घातली. “पुढच्या शनिवारी सामना कुठे आहे?” त्यांनी विचारलं. “वेळेवर पोचा. वर्णन वेल्शमध्येच.”

आपण सप्टेंबरात बनवलेला शब्द म्हाताऱ्याला बापाच्या काळापासूनचा वाटत होता; इल्टिडला हसूही येत होतं आणि रडूही.

“चुकलं, काका,” तो म्हणाला. “पुन्हा नाही फेकणार.”

मग त्याने वही उघडली, ‘सुईण’पुढचं ‘मी बनवला’ तारखेसकट खोडून काढलं आणि शेजारी लिहिलं: जुना शब्द, वाडवडलांपासूनचा.