रविवारची ड्युटी

"ओ मावशी, जरा त्या बाजूला जाता का? मासे बिचकतात."

ऋषभ काठावरून ओरडला. गुडघाभर पाण्यात वाकलेल्या बाईने हातातलं जाळं उचललं आणि वळून पाहिलं. काठावर सायकली आडव्या पडल्या होत्या. हेल्मेट घातलेली चार माणसं गळ टाकून उभी होती. तिची नजर तीन चेहऱ्यांवरून सरकली आणि चौथ्यावर थांबली.

जयश्रीने गॉगल काढला नाही.

त्या बाईचं नाव लाडकी. जयश्रीची आई.

डहाणूतल्या या चौघांना हिवाळाभर एकच नाद लागला होता. रविवारी पहाटे सायकली काढायच्या, शहरातल्या एखाद्या तळ्यावर जायचं, गळ टाकायचे. मासा लागला की पट्टीवर मोजायचा, फोटो काढायचा आणि परत पाण्यात सोडायचा. ज्याचा मासा सर्वांत लांब, त्याचा नाश्ता बाकीच्यांकडून. ऋषभची चिकूची वाडी होती. हरिश्चंद्रकाका बँकेतून निवृत्त झालेले. सोनल आणि जयश्री एकाच दवाखान्यात नर्स. शहरातली तळी फिरून झाली, म्हणून आजची जागा ऋषभने शोधली होती आणि मुद्दाम कुणाला सांगितली नव्हती. तलासरीच्या अलीकडे हायवे सोडून तो कच्च्या रस्त्याला वळला, तेव्हा जयश्री मुद्दाम मागे पडत गेली. या रस्त्याच्या टोकाला तिचा पाडा होता. पंक्चर झालं म्हणावं, पोटात दुखतंय म्हणावं, असं मनात येत राहिलं आणि तळं आलंसुद्धा.

आईला ती न चुकता फोन करायची. "येते ना गं, आये. पण रविवारी ड्युटी लागते."

जाळं खांद्यावर टाकून लाडकी पलीकडे दगडांजवळ गेली. तिथे पाणी उथळ होतं, बोटाएवढे मासेही धड मिळत नव्हते. तरी तिने जाळं बुडवलं.

तेवढ्यात जयश्रीच्या गळाला हिसका बसला. काठी वाकली.

"मोठा आहे! सोडू नकोस!" सोनल ओरडली.

मासा कमळाच्या वेलींत घुसला आणि दोरा अडकला. जयश्री सगळं विसरली. ती बुटांसकट पाण्यात उतरली. याच तळ्यात ती पोहायला शिकली होती. कुठे किती पाणी, तिला पाठ होतं. पण मागच्या उन्हाळ्यात जेसीबीने गाळ उपसला होता. ते तिला ठाऊक नव्हतं. एका पावलात ती छातीपर्यंत गेली, पुढच्या पावलात नाकापर्यंत. बूट चिखलात रुतले. ओरडायला तोंड उघडलं तर पाणी आत गेलं.

काठावरचे दोरी शोधत राहिले. लाडकी लुगड्यासकट झेपावली. तिने पोरीचा दंड धरला, उपटून काढावं तशी ओढली आणि उथळ पाण्यात आणून उभी केली. मग परत गेली, वेलींतून मासा मोकळा केला आणि तिच्या हातात दिला.

क्षणभर दोघी अगदी जवळ होत्या. लाडकीला धाप लागली होती. तिने पोरीच्या कपाळावरचं शेवाळ बोटाने पुसलं.

मागे सोनल येऊन उभी राहिली.

"थँक यू, मावशी," जयश्री म्हणाली.

लाडकीचं बोट कपाळावरच थांबलं. मग तिने हात मागे घेतला.

मासा कटला जातीचा होता. काकांनी पट्टी लावली. हिवाळाभरात एवढा लांब मासा कुणाला लागला नव्हता. ऋषभने फोटो काढला. हस म्हणाला, तेव्हा जयश्री हसली. मग तिने मासा पाण्यात सोडला.

"सोडला?" लाडकीने विचारलं.

"आम्ही खात नाही, मावशी. फक्त मजा," ऋषभ म्हणाला आणि त्याने तिला बिस्किटांचा पुडा दिला. तिने तो घेतला. मासा गेला तिथलं पाणी अजून हलत होतं, तिकडे ती बघत राहिली.

सोनलने थर्मासमधला चहा ओतून तिच्या हातात दिला. "तुम्ही होतात म्हणून वाचली ही. तुम्हाला मुलं किती, मावशी?"

"एकच पोरगी."

"काय करते?"

लाडकीने चहाचा घोट घेतला. "नर्स आहे. आज ड्युटीवर आहे."

आत्ता बोलावं, जयश्रीला वाटलं. आत्ताच. तिने गॉगल काढला. तेवढ्यात लाडकीच तिच्याकडे वळली.

"घरी आईला सांगू नका हां, बाई, पाण्यात गेला होता ते. घाबरेल ती."

सोनलने आवाज खाली आणला. "हिला आई नाहीये, मावशी. लहान असतानाच गेली."

हे जयश्रीनेच तिला सांगितलं होतं. नर्सिंगच्या पहिल्या वर्षी, होस्टेलवर, सुट्टीत तुझ्या घरी येऊ का असं सोनलने विचारलं तेव्हा.

जयश्रीच्या कपड्यांतून पाणी ठिबकत होतं. तिने आपल्या चिखलाने भरलेल्या बुटांकडे पाहिलं आणि तिथेच पाहत राहिली. लाडकी थांबली. चहा निवेपर्यंत थांबली. मग उरलेला चहा तिने मातीत ओतला, कप तळ्याच्या पाण्यात विसळला आणि सोनलला परत दिला. जाळं खांद्यावर घेतलं.

"मग जपत जा, बाई," ती जयश्रीला म्हणाली. "तुमच्या मागं रडायला कोणी नाही."